शहरातला सरवा : झाडाखाली सडणारी फळं आणि सोसायटीतला भाजीचा वाफा

मे संपत आला की पुण्यातल्या प्रभात रोडच्या गल्ल्यांतून सकाळी चालताना चपलेला आंब्याचा चिकट राडा लागतो. जूनमध्ये तोच फुटपाथ जांभळा होतो. झाडं जुनी, बंगल्यात राहणारी माणसंही जुनी. मुलं परदेशात, आणि माळी आठवड्यातून दोनदा येऊन पडलेली फळं पाल्याबरोबर झाडून टाकतो. तिथून दोन-तीन किलोमीटरवर, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत, पावशेर जांभळं घ्यायची तर आई दोनदा विचार करते.

शेतातलं पीक घरी गेलं की मागे राहिलेली कणसं, भुईमुगाच्या शेंगा, कांदे वेचून आणायचे, याला आपल्याकडे सरवा म्हणतात. सरवा वेचणाऱ्याला शेतकरी सहसा हाकलत नाही. शहरात आल्यावर आपण तो शब्दही विसरलो आणि रिवाजही. आमचा एरंडवणे-कर्वेनगर भागातला दहा-बारा जणांचा गट गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी हा सरवा करतो आणि त्याला जोडून दोन सोसायट्यांत भाजीचे वाफेही चालवतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. फळं देणारे भरपूर मिळतात, खाणारेही मिळतात. सगळं अडतं ते मधल्या सहा तासांत: कोण काढणार, कशात भरणार, कोणाच्या गाडीतून नेणार, आणि तिकडे कोण उतरवून घेणार. तेवढं बसवलंत की बाकीचं आपोआप येतं.

आधी तोंडं, मग झाडं

नव्या गटाची पहिली चूक ठरलेली असते: झाड दिसलं की काढायला धावायचं. आम्हीही तेच केलं. पहिल्याच वर्षी एका बंगल्यातून सात फणस काढले आणि उत्साहाच्या भरात एका वृद्धाश्रमात नेऊन ठेवले. तिसऱ्या दिवशी तिथल्या मावशींचा फोन आला, "दादा, तुमचे फणस घेऊन जा हो. वास सुटलाय, माशा झाल्यात, आणि कापणार कोण?" त्या स्वयंपाकघरात दोन बायका चाळीस माणसांचा स्वयंपाक करत होत्या. एक फणस कापून गरे काढायला सवयीच्या माणसालाही पाऊण तास जातो. आम्ही त्यांना फळं दिली नव्हती, काम दिलं होतं.

तेव्हापासून पहिली यादी घेणाऱ्यांची करतो. प्रत्येकाला विचारायचं ते इतकंच: माणसं किती, कोणत्या वारी आणि किती वाजता आणलेलं चालेल, सुरी चालवायला हात आहेत का, आणि मधुमेहाची माणसं किती. उत्तरांवरून घेणाऱ्यांचे दोन गट पडतात. पहिल्याला सुरीशिवाय खाता येईल असं हवं असतं: अंगणवाडी, बांधकामावरच्या मजुरांची मुलं, ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाबाहेर थांबलेले नातेवाईक. त्यांना पेरू, चिकू, जांभूळ, बोरं, पिकलेला रायवळ आंबा. दुसऱ्याकडे स्वयंपाकघर असतं: वसतिगृह, अन्नछत्र, वृद्धाश्रम. त्यांना कैरी, लिंबू, आवळा, शेवगा, कच्ची पपई, कढीपत्ता. एका अन्नछत्राच्या आचाऱ्यानं आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "आंबे नकोत, कढीपत्ता आणा. तो रोज लागतो आणि रोज विकत आणतो."

आणखी एक यादी असते, तीच पुष्कळदा विसरते. ज्या सोसायटीत झाड आहे तिथला वॉचमन, कामाला येणाऱ्या मावशी, कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई. लांबच्या संस्थेत टेम्पो पाठवण्याआधी यांच्या पिशव्या भरा, आणि उरलेल्या, डागी मालातून भरू नका. चांगल्यातून भरा.

झाडांची यादी आणि आजी

आता झाडं. चार रविवार नुसते चाला. मोबाइलच्या नकाशावर खुणा करा आणि प्रत्येक खुणेखाली महिना लिहा. पुण्याचं फळांचं वर्ष साधारण असं फिरतं: फेब्रुवारी-मार्चला चिंच आणि शेवगा, मार्च-एप्रिलला रामफळ आणि कैऱ्या, एप्रिल ते जून फणस, मे-जूनला आंबा, जूनमध्ये पावसाच्या तोंडावर जांभूळ, गणपतीच्या आसपास पपनस, पाऊस ओसरताना सीताफळ, थंडीत पेरू, आवळा आणि बोरं. चिकू, पपई, लिंबू आणि नारळ मधूनमधून चालूच. एकाच झाडाचा बहार दरवर्षी सारखा नसतो. आंबा बहुतेक वेळा एक वर्ष लगडतो आणि पुढचं वर्ष विश्रांती घेतो, म्हणून "यंदा काही नाही" असं ऐकून नाव खोडू नका.

मालकाला विचारायला जाताना दोघं जा, त्यातली एक बाई असू द्या, आणि दुपारी एक ते चार या वेळेत बेल वाजवू नका. हे पुणं आहे. पहिल्या आजींशी झालेलं बोलणं अजून आठवतं.

"फुकट नेणार आणि मंडईत विकणार, असंच ना?"

"नाही आजी. एक हिस्सा तुमचा, एक काढणाऱ्या मुलांचा आणि एक वस्तीतल्या अंगणवाडीला."

"मला काय करायचाय हिस्सा! मला चार कैऱ्या लोणच्याला द्या, त्या डागी नकोत. आणि माझ्या अबोलीवर पाय पडला तर पुन्हा फाटक उघडायची नाही."

तीन हिश्श्यांची ही पद्धत आमची नाही. टोरांटोमध्ये 'नॉट फार फ्रॉम द ट्री' या गटानं २००८ मध्ये असाच वाटा सुरू केला. आमच्याकडे मालक बहुतेक आपला हिस्सा नाममात्रच घेतात, पण तो विचारायचाच. विचारला नाही की आपण फळवाले ठरतो.

होकार मिळाला की तारीख, वेळ आणि झाडाचं नाव घालून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवा आणि "हो" असं उत्तर मागून घ्या. भाडेकरूची परवानगी ही परवानगी नव्हे. सोसायटीत अध्यक्ष किंवा सचिवांकडून लेखी घ्या, नाहीतर क्रेट भरल्यावर दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडतंच. महापालिकेच्या उद्यानातलं किंवा रस्त्याकडेचं झाड असेल तर उद्यान विभागाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. वेताळ टेकडी, तळजई या शहरातल्या रानटेकड्यांचं नावच यादीत नको. तिथलं फळ पाखरांचं आणि खारींचं. आणि फळ काढता काढता "ही फांदी मधे येतेय" म्हणून कोयता चालवायचा नाही. १९७५ च्या नागरी भागातील झाडांच्या संरक्षण कायद्याखाली छाटणीलासुद्धा वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, मग झाड स्वतःच्या अंगणातलं का असेना.

मालकाला एक प्रश्न मात्र न चुकता विचारा: झाडावर औषध कधी मारलं? गेल्या महिन्याभरात फवारणी झाली असेल आणि कोणतं औषध ते माळ्याला सांगता येत नसेल, तर ते झाड या वर्षी सोडून द्या.

काढणीची सकाळ

सकाळी सातला झाडाखाली, साडेनऊला फाटकाबाहेर. ऊन चढलं की फळही तापतं आणि माणसंही. चार जण पुरतात: एक झेल्यावर, दोघं चादरीची टोकं धरून, एक वेचायला आणि रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायला.

सामान फार नाही. बांबूच्या टोकाला जाळी आणि पातं असलेला झेला मुख्य. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' आंब्याला उत्तम, कारण तो देठासकट फळ कापतो. काठी बांबूचीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमची हलकी पडते म्हणून काही जण आणतात, आणि आपल्या गल्ल्यांत झाडाच्या शेंड्यातून विजेच्या तारा गेलेल्या असतात. शिवाय दोन जुन्या चादरी किंवा नऊवारी लुगडं, प्लॅस्टिकचे क्रेट, रद्दी, कात्री, ताणकाटा आणि खोबरेल तेलाची बाटली. तेल कशाला ते फणसापाशी कळेल.

सुरुवात करण्याआधी पाच मिनिटं मान वर करून झाडाभोवती एक फेरी. तारा कुठे आहेत? आग्या मोहोळ आहे का? असेल तर त्या दिवशी नमस्कार करून घरी. आंब्याची पानं गुंडाळून केलेली लाल मुंग्यांची घरं दिसली तर ती बाजू सोडा. झाडावर चढायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे आणि तो कॉलेजच्या पोरांना सगळ्यात जास्त जाचतो. पण जांभूळ आणि शेवग्याचं लाकूड ठिसूळ. फांदी वाकून इशारा देत नाही, कडकन तुटते.

आंब्यावर जरा थांबतो, कारण नुकसान सगळ्यात जास्त त्याचंच होतं. झाडावरून आपोआप पहिली एक-दोन फळं पिकून पडली की पाड लागला म्हणायचं. तेव्हा फळाचे खांदे देठाच्या वर भरून आलेले असतात आणि देठापाशी खळगा दिसतो. त्याआधी काढलेला आंबा पिकत नाही, नुसता सुरकुततो. काढताना दोन-तीन बोटं देठ ठेवायचा. हातानं ओढून देठ मुळापासून उपटला की चीक पिचकारीसारखा उडतो. सालीवर पडला तर तिथे काळा चट्टा, डोळ्यात गेला तर दिवस वाया. खाली आणल्यावर देठ अर्ध्या बोटावर कापून आंबे रद्दीवर उलटे ठेवायचे. अर्ध्या-पाऊण तासात चीक गळून जातो. मग आढी: खाली भाताचा पेंढा, वर आंब्याचा एक थर, पुन्हा पेंढा. हंगामात मार्केट यार्डात पेट्या फुटतात तिथे पेंढा मागितला तर मिळतो. मे महिन्याच्या उकाड्यात आठवड्याभरात रंग चढतो. रोज एकदा चाचपा, कारण एक सडका आंबा शेजारचे चार घेऊन जातो. "पुडी टाका, दोन दिवसांत पिवळे होतील" असं सांगणारा कोणीतरी भेटेलच. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, आणि फुकट वाटायच्या फळाला घाई कसली?

चिकूला नखानं किंचित ओरखडा काढून बघा. आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर काढायला हरकत नाही. सीताफळाचे डोळे उघडून मधल्या भेगा पांढुरक्या-पिवळ्या झाल्या की उतरवा. पूर्ण पिकेपर्यंत थांबलात तर खारी थांबत नाहीत. जांभळाखाली चादर ताणायची आणि बांबूच्या आकडीनं फांदी हलकेच हलवायची. जांभळं धुवून भरू नका, दुपारपर्यंत पाणी सुटतं. खाणाऱ्यानं खायच्या वेळी धुवावीत. आणि जुने कपडे घाला, जांभळाचा डाग दोन धुण्यांत हटत नाही.

फणसावर टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला, काटे पसरट दिसले की तो तयार. त्याला दोरीनं बांधून मगच देठ कापायचा आणि हळूहळू खाली सोडायचा. कापायच्या आधी हाताला, सुरीला, जमलं तर टेबलालाही तेल लावा. आता आम्ही फणस आमच्याकडेच कापतो आणि गरे डब्यांत भरून लगेच, त्याच दुपारी संपतील अशा ठिकाणी नेतो. कच्चे फणस मात्र अन्नछत्राला अख्खेच आवडतात, भाजीसाठी.

शेंड्यावरची फळं पाखरांना ठेवायची. वटवाघळानं किंवा पाखरानं टोचलेलं फळ माणसाला द्यायचं नाही, अर्धं कापूनसुद्धा नाही. केरळात २०१८ मध्ये वटवाघळांतून येणाऱ्या निपाह विषाणूची साथ आली तेव्हापासून वटवाघळाच्या उष्ट्या फळांबद्दल तर शंकाच नको.

भरताना तीन क्रेट: आज खायचं, दोन-तीन दिवस टिकणारं आणि स्वयंपाकघरात जाणारं. उरलेलं खताला. वजन करून वहीत लिहा. निघण्याआधी अंगण झाडून काढा. झाडलेलं अंगण बघून शेजारचा बंगलाही पुढच्या वर्षी फाटक उघडतो, असा अनुभव आहे.

वाफा कशाला, आणि कसा

फळांच्या कामात मोकळे महिने येतात. जुलै-ऑगस्टमध्ये करण्यासारखं फारसं नसतं, गट पांगतो. शिवाय सालं, कोयी, सडकं फळ कुठेतरी टाकावं लागतं. भाजीचा वाफा या दोन्हींवर उपाय आहे. पण क्रम असाच ठेवा: आधी सरवा, मग वाफा. सरव्याला भांडवल लागत नाही आणि माणसं पारखता येतात. पहाटे सातला तीनदा आलेला माणूस पाणी घालायच्या पाळीलाही येतो.

जागा ठरवताना सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला जाऊन उभे राहा. पाच-सहा तास ऊन मिळालं पाहिजे. मिळत नसेल तर तिथे अळू, आलं, हळद लावा आणि वांग्या-भेंडीचा नाद सोडा. रहदारीच्या रस्त्यालगत पालेभाजी नको. गच्चीवर मांडायचा विचार असेल तर हिशेब करा: मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि फूटभर उंचीचा ओल्या मातीचा वाफा चार-पाचशे किलो भरतो. स्लॅबला ते झेपेल का, हे इंजिनियरला विचारूनच ठरवा.

पुण्यात खोदलं की मुरूम लागतो, आणि सोसायटीत मुरमाच्याही आधी बिल्डरनं पुरलेला राडारोडा. म्हणून खणू नका, वर बांधा. विटांचा फूटभर उंच वाफा, रुंदी तीन-साडेतीन फूट, म्हणजे दोन्हीकडून हात मधोमध पोचतो आणि कोणाला आत पाय टाकावा लागत नाही. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि रसवंतीवरची उसाची चिपाडं, वर सुका पाला, त्यावर अर्धं खत आणि अर्धी माती. कमी मातीत, काडीकचऱ्यावर पीक घ्यायचं हे तंत्र आपल्याकडे शेतीत प्रयोग करणारे श्री. अ. दाभोलकर आणि त्यांच्या 'प्रयोग परिवार' या गटानं केव्हाच रुजवलंय. सुका पाला पुण्यात जाळण्याचा गुन्हा रोज होतो. तो गोळा करून गरजूंना देणारा 'ब्राउन लीफ' हा उपक्रम इथलाच, २०१६ चा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ असते तेव्हाच वर्षाचा पाला पोत्यांत भरून ठेवा.

पाला लवकर कुजायला अमृतजल: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस झाकून ठेवायचं, रोज दोन-तीनदा ढवळायचं, चौथ्या दिवशी शंभर लिटर पाण्यात मिसळून वापरायचं. वास येतो. पहिल्या मजल्यावरच्यांना आधी सांगा.

समितीला पटवायला शेणाचा महिमा उपयोगी पडत नाही, मिळकतकर पडतो. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संचय यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. आमच्या बैठकीत या एका वाक्यानंतर विरोध मावळला.

काय लावायचं? मृग लागला की भेंडी, गवार, दोडका, कारलं, वांगी. पाऊस ओसरला की मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. धने पेरण्याआधी चपलेनं रगडून दोन फाकी करा. उन्हाळ्यात माठ, चवळी, काकडी. हे सगळं हौसेचं. पण वाटण्यासाठी खरी कामाची ती एकदा लावून वर्षानुवर्षं देणारी मंडळी: शेवगा, कढीपत्ता, तोंडली, मायाळू, अळू, लिंबू. त्यांचे हप्ते थांबत नाहीत. कोबी-फ्लॉवर लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तीन महिने जागा अडवतात, एकदाच देतात, आणि त्या एका गड्ड्यावरून दोन कुटुंबांचं बोलणं बंद होतं.

पाणी सकाळी, मुळाशी, आणि वर पाल्याचं आच्छादन. एप्रिल-मेमध्ये टँकर चालू असतील तर वाफ्याचं निम्मं क्षेत्र रिकामं ठेवा, भांडण नको. सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातलं पाणी झाडांना चालेल, पण कोथिंबीर-मुळ्यासारखं कच्चं खाल्लं जाणारं काही त्यावर वाढवू नका.

चोरी होणारच. पहाटे हातात पिशवी आणि काठीला आकडी लावून दुसऱ्यांच्या अंगणातला चाफा तोडणारे काका प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक कॉलनीत आहेत. आमच्या वाफ्यातली तोंडली अशाच एका काकांकडे जात होती. पाटी लावली, उपयोग झाला नाही. मग त्यांनाच बुधवारची पाण्याची पाळी दिली. आता तोंडल्याला कोणी हात लावला की सगळ्यात आधी तेच ओरडतात.

खर्चाचं थोडक्यात: झेला, क्रेट आणि रिक्षाचं भाडं एवढंच लागतं, ते गटात वर्गणी काढून भागवा. फळं विकून भागवायचा मोह होईल, तो टाळा. ज्या दिवशी एक किलो विकाल त्या दिवशी आजींचा पहिला प्रश्न खरा ठरेल.

वहीला मात्र पुठ्ठ्याचं कव्हर घाला, कारण सगळं काम तिच्यावर चालतं. प्रत्येक झाडाला एक पान: महिना, वजन, कुठे गेलं, काय चुकलं. आजींच्या पानावर यंदाच्या वजनाखाली लिहिलंय: लोणच्याच्या कैऱ्या चार, बिनडागी, काढल्या काढल्या आधी वर पोचवणे. झेला विहिरीच्या बाजूनं आत न्यावा, फाटकाशी अबोली आहे.